काटा मधोमध, तरी ऑइल तापलेलं!

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५-४६ अंशांवर जातो. त्याच दिवसांत माल भरलेले ट्रक खवासा ओलांडून जबलपूर रस्त्यावरचा कुरई घाट चढत असतात. अशा वेळी इंजिनाच्या तापमानाबद्दलचे गैरसमज महागात पडतात.

गैरसमज : काटा मधोमध आहे, म्हणजे इंजिन ठीक आहे.
वस्तुस्थिती : हा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. त्यातही बऱ्याच नव्या गाड्यांत कूलंट काही अंशांनी वर-खाली झालं तरी काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो.

गैरसमज : कूलंट ९० अंशांवर असेल, तर ऑइलही ९० अंशांवरच असणार.
वस्तुस्थिती : थर्मोस्टॅट कूलंटला साधारण ८२ ते ९५ अंशांत राखतो. ऑइल मात्र पिस्टनच्या खालच्या बाजूची, बेअरिंगची आणि टर्बोची उष्णता थेट अंगावर घेतं. लांब चढावर, पूर्ण भारात ते ११०-१२० अंशांपर्यंत जाऊ शकतं. १५डब्ल्यू-४० ऑइलची श्यानता १०० अंशांना साधारण साडेचौदा सेंटिस्टोक असते, ती १२० अंशांना साडेनऊच्या आसपास येते. बेअरिंगमधला ऑइलचा थर तेवढा पातळ होतो. चढ संपल्यावर काटा लवकर उतरतो, ऑइल मात्र सावकाश निवतं.

गैरसमज : उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकावा.
वस्तुस्थिती : कूलंट ९५ आणि हवा २० अंश असेल, तर रेडिएटरला ७५ अंशांचा फरक मिळतो. हवा ४६ अंश झाली की उरतो फक्त ४९. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता एक तृतीयांशाने घटते. घाटात तापलेल्या इंजिनाचा थर्मोस्टॅट तसाही पूर्ण उघडलेला असतो, त्यामुळे तो काढून काहीच मिळत नाही. उलट हलक्या भारात आणि हिवाळ्यात ऑइल पुरेसं तापत नाही, त्यातली ओल उडत नाही आणि गाळ साचतो.

गैरसमज : वरच्या गिअरमध्ये रेटलं की इंजिन कमी तापतं.
वस्तुस्थिती : वॉटर पंप आणि पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या वेगावर चालतात. आरपीएम पडले की कूलंटचा प्रवाह आणि हवा दोन्ही कमी होतात. चढावर वेळीच खालचा गिअर टाकावा.

उन्हाळा लागण्याआधी रेडिएटरची जाळी धुऊन घ्या, साध्या पाण्याऐवजी योग्य प्रमाणात कूलंट भरा, ऑइल वेळेवर बदला. आणि घाट चढून थांबलात, तर इंजिन लगेच बंद करू नका. एक-दोन मिनिटं चालू ठेवून टर्बोला निवू द्या.