कॅनडात नव्याने आल्यावर : पदवी, परवाना, पुढचे शिक्षण

• स्थलांतरितांची निवड : गुणपद्धती 1967 पासून. 'एक्सप्रेस एन्ट्री' ही ऑनलाइन व्यवस्था जानेवारी 2015 मध्ये आली. क्विबेक प्रांत कुशल कामगारांची निवड स्वतः करतो.

• परवान्याचे व्यवसाय : डॉक्टर, नर्स, वकील, फार्मासिस्ट, शाळाशिक्षक, इंजिनिअर. परवाना केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक प्रांताची नियामक संस्था देते. सॉफ्टवेअर, मार्केटिंग अशा क्षेत्रांत सहसा परवाना लागत नाही.

• पदवीचे मूल्यांकन : भारतीय पदवी कॅनडातील कोणत्या पदवीच्या तोडीची, एवढेच ते सांगते. इमिग्रेशनसाठी केलेले मूल्यांकन म्हणजे परवाना नव्हे. गल्लत नेमकी इथेच होते.

• इंजिनिअर : परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करता येते. स्वतःच्या जबाबदारीवर आराखड्यावर सही करायची तर परवाना हवा. ओंटारियोने परवान्यासाठीची कॅनडातील अनुभवाची अट मे 2023 मध्ये काढली.

• डॉक्टर : वाट सर्वांत लांब. परीक्षा उत्तीर्ण होऊनही बहुतेकांना रेसिडेन्सी (रुग्णालयातील देखरेखीखालचे प्रशिक्षण) करावी लागते आणि तिच्या जागा मोजक्या असतात. काही जण क्लिनिकल रिसर्च किंवा सार्वजनिक आरोग्याकडे वळतात.

• कुशल कारागीर : 'रेड सील' शिक्का मिळाला की कौशल्य सर्व प्रांतांत मान्य.

• पुन्हा शिकायचे तर : कॉलेजचे पदव्युत्तर सर्टिफिकेट साधारण 1 वर्षाचे, मास्टर्स 1 ते 2 वर्षांचे. ब्रिजिंग कोर्स परवान्यासाठी कमी पडणारे तेवढेच शिकवतात. कायम रहिवाशांना स्थानिक विद्यार्थ्यांचीच फी लागते. परदेशी विद्यार्थ्यांची फी तिच्या कित्येक पट असते.