वास्तूचा जमाखर्च

परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. कुंथलगिरीच्या वंदनेस जाणाऱ्या यात्रेकरूंना हा मुलूख नवा नाही. वैशाखातील दुपार येथे कशी असते, हेही त्यांना सांगावयास नको. परंडा, भूम, बार्शी या पट्ट्यात व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या कुटुंबांच्या जुन्या वाड्यांत मात्र त्याच दुपारी पाऊल टाकताच जिवाला गारवा वाटतो. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे माळवदाचे घर. दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. ढाळज, ओसरी, मधला चौक यांतून वारा खेळता राहतो.

आज हे वाडे एकेक करून पाडले जात आहेत. पुढे दुकान, वर घर, रस्त्याकडे काचेची दर्शनी भिंत आणि डोक्यावर उघडा स्लॅब, असा नवा नमुना रूढ झाला आहे. पश्चिमेच्या उन्हाला काच अडवीत नाही आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडीत राहतो. मग वातानुकूलन यंत्र येते आणि विजेचे बिल कायमचे मागे लागते.

३० सप्टेंबर १९९३

तथापि, जुने ते सारे सोने असे म्हणणे हा आपल्याच माणसांच्या स्मृतीवर अन्याय होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचा घात त्यांच्या घरांनीच केला. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पसरण्याची रीत असल्याने थर वाढत जाई. बारा फूट लांब व तितक्याच रुंद खोलीवर एक फूट माती असेल, तर माणसांच्या डोक्यावर सहा टनांहून अधिक ओझे असते. शिवाय भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या दगडी थरांना एकमेकांत गुंतविणारे आरपार दगड नसल्याने धक्का बसताच भिंती फुटल्या. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र कोसळल्या.

त्या पहाटेने दगडमातीवरील विश्वास उडाला. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविली गेली आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता हे समीकरण मराठवाड्याच्या मनात पक्के झाले. ते समजण्यासारखे आहे. परंतु अभियंत्यांनी काढलेला निष्कर्ष अधिक सूक्ष्म होता. माळवदावरील माती कमी करावी, भिंतीत आरपार दगड घालावेत, खांब व तुळई तिरप्या आधारांनी जखडावीत आणि भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवावा, म्हणजे जुने घरही पुष्कळ अंशी सुरक्षित होते. अर्थात हा निर्णय जाणत्या अभियंत्याने घर पाहूनच द्यावयाचा असतो.

सिमेंटचे नावे

आपण व्यापारी माणसे. खर्चाची बाजू न पाहता सौदा करीत नाही. मग वास्तूचाही हिशेब मांडू. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश उष्णतेवर भाजावी लागते. इंधनाचा धूर तर होतोच, पण त्याहून अधिक कार्बन वायू खुद्द दगडातून बाहेर पडतो. एक टन सिमेंटमागे साधारण ६०० ते ९०० किलो कार्बन वायू हवेत जातो. ५०० पोती लागणाऱ्या घराच्या नावे राहावयास जाण्यापूर्वीच १५ ते २२ टन पडलेले असतात. लोखंड, भाजलेली वीट व वाळू यांचा हिशेब वेगळाच.

आता जमेची बाजू. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर शंभर चौरस मीटर छतावर साठ हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी अठ्ठेचाळीस हजार लिटर उरते. टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात हे पाणी गटारात सोडणे कोणत्या शहाणपणात बसते? परसातील आड बुजविण्याऐवजी गाळलेले पाणी त्यात सोडले, तर भूजलालाही हातभार लागेल.

बांधण्यापूर्वी

नवे घर बांधूच नये, असे येथे म्हणावयाचे नाही. कुटुंब वाढते, व्यवसाय वाढतो. मात्र नकाशावर सही करण्यापूर्वी काही प्रश्न अभियंत्यास अवश्य विचारावेत. जुना वाडा मजबूत करून वापरता येईल का? पाडावाच लागला, तर त्याचे घडीव दगड व सागवान नव्या बांधकामात घेता येतील का? पश्चिमेकडील काच कमी करून तेथे जिना, कोठार किंवा सज्जाची सावली देता येईल का? छतावर पांढऱ्या चुन्याचा हात देता येईल का? भट्टीच्या विटेऐवजी राखेची वीट चालेल का? यांतील बहुतेक बदलांना फारसा अधिक पैसा लागत नाही. वेळेवर विचार मात्र लागतो.

आणि एक प्रश्न स्वतःस विचारण्याचा. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात धन-धान्याबरोबर क्षेत्र आणि वास्तू यांचीही मर्यादा सांगितली आहे. पृथ्वीकाय, अप्काय, अग्निकाय, वायुकाय व वनस्पतिकाय या साऱ्यांना स्पर्श केल्यावाचून वास्तू उभी राहत नाही. म्हणूनच चार माणसांना किती खोल्या लागतात, हा प्रश्न केवळ ऐपतीचा नाही. जी खोली बांधलीच नाही, तिला सिमेंट लागत नाही, वीज लागत नाही आणि तिचे ओझे पुढच्या पिढीच्या खात्यावरही पडत नाही.