जनुकं आणि आपण: दैव किती, पुरुषकार किती?

(गंगापूर रोड, नाशिक येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, आणि आज जनुकांवर बोलणार आहे. डॉक्टर सोडून हे गृहस्थ कशाला बोलावले, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. मी औषध सांगणार नाही. मला एका जुन्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. तो प्रश्न आता प्रयोगशाळेत शिरलाय, म्हणून त्याच्या मागोमाग मीही गेलो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना विचारतो: माणसाच्या आयुष्याचं माप आधीच ठरलेलं असतं का? आत्रेय सांगतात, आयुष्य दोन गोष्टींवर अवलंबून आहे, दैव आणि पुरुषकार. एक जबर असेल तर ते दुसऱ्याला मागे सारतं. आणि सगळं ठरलेलंच असेल, तर लोक माजलेल्या हत्तीसमोरून बाजूला कशाला होतात? युक्तिवाद अगदी रोखठोक आहे.

आता आपल्याकडचं बघा. "आमच्या घराण्यातच शुगर आहे हो," असं म्हणून माणूस निवांत तिसरी जिलेबी उचलतो. दैवाची जागा जनुकांनी घेतली, बाकी सगळं तेच. म्हणून विचारायचं ते हे: जनुकं हे दैव आहे का? आणि असेल, तर ते कुणी लिहिलं?

आधी थोडी उजळणी. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत सारखाच डीएनए असतो. प्रथिनं तयार करण्याच्या सूचना देणारी साधारण वीस हजार जनुकं त्यात आहेत. मग डोळ्याची पेशी डोळ्याची कशी होते आणि यकृताची यकृताची कशी? पोथी एकच, पण प्रत्येक पेशी त्यातली वेगळी पानं वाचते. कुठली पानं उघडी ठेवायची आणि कुठली बांधून ठेवायची, याच्या खुणा डीएनएवर असतात. मिथाइल नावाचा एक छोटासा रासायनिक गट डीएनएला चिकटतो, ही त्यातली मुख्य खूण. अक्षर बदलत नाही, वाचन बदलतं. या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात.

या खुणा आपल्या वागण्यानं बदलतात का? तर्कशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक शिकवतात. कारण असताना कार्य दिसलं पाहिजे, कारण नसताना दिसता कामा नये. नाहीतर काकतालीय न्याय होतो, कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी यासाठी फार सुंदर युक्ती काढली. तेवीस तरुण स्त्री-पुरुषांना त्यांनी एकाच पायाचा व्यायाम करायला लावला. आठवड्यातून चार वेळा, पाऊण तास, असं तीन महिने. दुसरा पाय नुसता आराम करणारा. माणूस तोच, जेवण तेच, झोप तीच, जनुकं तीच. मग दोन्ही मांड्यांमधल्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. २०१४ साली निष्कर्ष आले. व्यायाम केलेल्या पायात डीएनएवरच्या सुमारे पाच हजार जागी मिथाइलच्या खुणा बदलल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच ऊर्जेचा वापर, इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि दाह यांच्याशी संबंधित जनुकांजवळ होत्या. यापेक्षा चोख व्यतिरेक मी तरी पाहिलेला नाही.

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. करोनानंतर 'इम्युनिटी वाढवा' हा शब्द दुकानादुकानात लागला. पण नुसती वाढवून चालत नाही हो. प्रतिकारयंत्रणा नको तिथे भडकली तर आमवातासारखे आजार होतात, शरीर स्वतःवरच उलटतं. तिला हवी शिस्त. शत्रू ओळखावा, वेळेवर उठावं आणि काम झालं की शांत व्हावं. पोटाभोवती साठलेली चरबी नेमकी हीच शांतता घालवते. तिच्यातून दाह वाढवणारे रेणू रक्तात झिरपत राहतात, चुलीत राख झाकलेला निखारा धुमसत राहावा तसे. चालताना, धावताना उलट घडतं. स्नायू आकुंचन पावताना स्वतःचे रेणू रक्तात सोडतात, आणि त्यातले काही दाह आवरायला मदत करतात. प्रतिकारपेशीही रक्तात फिरायला निघतात आणि काही तासांत परत आपापल्या जागी जातात. गस्तच ती.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. तारुण्यानंतर ही ग्रंथी आक्रसत जाते, आणि म्हातारपणी साधा संसर्गही जड जातो त्याचं हे एक कारण. इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांची तपासणी झाली. सगळे वर्षानुवर्षं सायकल चालवणारे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, त्यांच्या रक्तात थायमसमधून नव्यानं आलेल्या टी पेशींचं प्रमाण तरुणांच्या जवळपास दिसलं. आपल्या नाशिकला सायकलचं वेड आहेच. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही सायकल शर्यत पूर्ण केली, ते इथलेच. पण इथे सावध राहायला हवं. सायकलमुळे ते निरोगी राहिले, की मुळात निरोगी म्हणून सायकल चालवत राहिले? एका पायाच्या प्रयोगाइतका हा पुरावा पक्का नाही. आशादायक जरूर आहे.

झोपेबद्दल मात्र एक बरीच ठोस गोष्ट आहे. अमेरिकेत १६४ निरोगी स्वयंसेवकांची झोप आठवडाभर मोजली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता, सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत चौपटीहून अधिक निघाली. हे २०१५ चं संशोधन. रात्री साडेबारापर्यंत मोबाइल बघून सकाळी काढा पिणाऱ्यांनी विचार करावा.

इथवर पुरुषकाराची बाजू झाली. ऐकायला बरं वाटतं. पण इथेच थांबलो तर मी अर्धसत्य सांगितलं असं होईल. दुसरं अर्ध सत्य आपल्या महाराष्ट्रातच सापडलेलं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे दुप्पटीहून जास्त. दिसायला दोघेही सडपातळ!

हा फरक कुठून येतो, ते याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी शोधलं. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं बारीक, पण कमी कशात? स्नायूंत कमी, पोटातल्या अवयवांत कमी. चरबीत मात्र त्या मानानं फारशी कमी नाहीत. दिसायला रोड आणि आतून चरबीदार. म्हणजे आपल्या 'शुगर'ची तयारी पाळण्याच्याही आधी सुरू होते.

कारणं बघा. बहुसंख्य आयांच्या रक्तात बी-बारा जीवनसत्त्व कमी होतं. मघाशी मी मिथाइलची खूण म्हटलं ना, ती खूण तयार करण्याच्या रासायनिक साखळीत बी-बारा आणि फोलेट दोन्ही लागतात. ताटातून जनुकापर्यंत जाणारी वाट ही अशी आहे. ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर पण बी-बारा कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळं भरली होती. आणि ज्या आयांना गरोदरपणात जास्त अंगमेहनत पडत होती, शेतातली, पाण्याची, घरची, त्यांची बाळं लहान होती.

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. आपण इथे 'व्यायाम करा' म्हणतो. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालणाऱ्या आपल्यासारख्यांना ते औषध आहे. पण याच रस्त्यानं पुढे गेलात की गिरणारे लागतं. तिथल्या बाजारात पेठ, हरसूलकडून मजूर बाया द्राक्षबागांच्या कामाला येतात. त्यांतल्या एखादीला सातवा महिना असेल तर तिला चालण्याचा सल्ला द्यायचा का? तिला विश्रांती हवी आणि ताटात दूध-भाजी हवी. हालचाल तीच, पण एकीला ती निवडता येते आणि दुसरीला नाही. 'लाइफस्टाइल चॉइस' हा शब्द ज्याला चॉइस आहे त्याच्यापुरताच खरा.

चरकात दैव म्हणजे आपलंच पूर्वजन्मीचं कर्म. पुण्याच्या या गावांतून वेगळंच उत्तर येतं. आपलं दैव बरंचसं दुसऱ्याच्या ताटात शिजलेलं असतं. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खाणारी सून ही तुमच्या नातवाच्या जनुकांवरच्या खुणा लिहीत असते. लेखणी तिच्या हातात, पण शाई कोण देतं? म्हणून यातून 'आईचीच चूक' असा निष्कर्ष कुणी काढला तर तो तर्कालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

आणि हे एका पिढीत पुसतं असंही नाही. डॉ. आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पन्नास पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढलेले उंदीर अभ्यासले. त्यांना दोन पिढ्या पोटभर खायला घातलं, तरी मधुमेहाकडचा कल गेला नाही. २०१५ चा हा अभ्यास आहे. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण दुष्काळातून आलेल्या समाजानं एकदम सुबत्तेत बसून खाणं किती महागात पडतं, याचा अंदाज येतो. आपल्याला चालायला हवं ते यासाठीच. दैव थोडं जड मिळालंय, तर पुरुषकार थोडा जास्त लागणार.

एक चिठ्ठी आली आहे: "सर, आमचं वय सत्तर. आता काय उपयोग?" उपयोग आहे. त्या पायातल्या खुणा तीन महिन्यांत बदलल्या. ते पाय तरुण होते हे खरं, पण स्नायू सत्तरीतही व्यायामाला प्रतिसाद देतात. रोज अर्धा तास चाला, आठवड्यातून दोनदा थोडं वजन उचला, झोप सांभाळा. शाकाहारी असाल तर बी-बारा एकदा तपासून घ्या, आणि गोळी डॉक्टरांना विचारूनच.

आणि आजी-आजोबांनी आणखी एक करावं. पुण्याच्या अभ्यासातली मुलं मोठी झाल्यावर, २०१२ पासून त्यांना ती आई-बाप होण्याआधीच बी-बारा देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलांनाही आणि मुलींनाही. कल्पना साधी आहे, बाळाची काळजी बाळाच्या आधी सुरू करायची. ती घरातही करता येते. घरातल्या वयात आलेल्या नातीला दूध, डाळ, भाजी नातवाइतकीच मिळते का, ते बघा. सून शेवटी जेवत असेल तर तिला पहिल्या पंगतीला बसवा. तिच्या पोटी येणाऱ्याचं दैव लिहिण्यात आपलाही हात असतो, एवढं लक्षात ठेवू या.