गुडघ्याची ‘वाटी’, ‘झीज’ आणि ‘वंगण’

शरीराच्या व्यथेस माणूस जे नाव देतो, त्या नावातच तिच्यावरील उपायाची त्याची कल्पना बहुधा दडलेली असते. बुलढाणा जिल्ह्यातील बोलीव्यवहारात गुडघेदुखीचे वर्णन ज्या शब्दांनी होते, ते या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

वऱ्हाडी बोलीत गुडघ्यास ‘टोंगळा’ म्हणतात. ‘ळ’च्या जागी ‘य’ उच्चारण्याच्या प्रवृत्तीमुळे ‘टोंगया’ हे रूपही ऐकू येते. कपाशी-सोयाबीनच्या शेतात उकिडवे बसून निंदण करणाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यात टोंगळ्याचे दुखणे नेहमीचे. दीर्घकाळ उकिडवे बसणे आणि ओझी वाहणे यांमुळे गुडघ्याच्या संधिवाताचा संभव वाढतो, हे वैद्यकास मान्य आहे. या दुखण्याविषयी तीन शब्द वारंवार योजिले जातात : ‘वाटी’ गेली, ‘झीज’ झाली, ‘वंगण’ संपले.

ज्या घटकास मुख्यतः इजा होते, त्याचा मात्र यात उल्लेख नाही. मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत आवरण असते. लिखित मराठीत त्यास कूर्चा, उपास्थी, कास्थी असे पर्याय आहेत. बोलीत यांपैकी एकही रुळलेला नाही. ‘गादी’ हा शब्द कानी पडतो. परंतु सांध्यातील अर्धचंद्राकृती चकत्यांनाही तोच लावला जातो. या उणिवेमुळे सारा दोष समोर दिसणाऱ्या ‘वाटी’कडे जातो. सांधारोपणास ‘वाटी बदलणे’ म्हणतात. वस्तुतः त्यात मांडीच्या व नडगीच्या हाडांची टोके धातूने मढवून मध्ये प्लॅस्टिकचा थर बसवितात, आणि मूळची वाटी पुष्कळदा तशीच राहते.

‘वंगणा’ची कल्पना प्राचीन आहे. आखास तेल दिले म्हणजे चाक जसे सुरळीत फिरते, तसे श्लेष्म्याच्या योगे सांधे चालतात, असा दृष्टांत सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. बैलगाडीच्या प्रदेशात तो सहज पटावा. तथापि आख निर्जीव आहे, कूर्चा सजीव. तिच्यात पेशी असतात. रक्तवाहिन्या व मज्जातंतू नसतात. भार पडला की तिच्यातील द्रव बाहेर येतो, भार हटला की सांध्यातील द्रव आत शिरतो. याच क्रियेतून तिचे पोषण होते. म्हणून ‘चालणे सोडले की वंगण वाचेल’ हे अनुमान फसवे ठरते. मज्जातंतू नसल्याने आरंभीची इजा मुकी राहते. वेदना जाणवते ती मुख्यतः भोवतालच्या अस्तरातून व खालच्या हाडातून.

‘झीज’ या शब्दात अर्धसत्य आहे. नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही, असे विल्यम हंटर याने १७४३ मध्ये नोंदविले. प्रौढ कूर्चेची दुरुस्तीची शक्ती अल्प आहे, हे आजही खरे. परंतु संधिवात म्हणजे केवळ घर्षण नव्हे. त्यात दाह असतो, हाड व अस्तरही बदलते. शिवाय ‘झिजणे’ म्हटले की उपाय खुंटल्याचा ध्वनी उमटतो, आणि तो यथार्थ नाही. तरुणाच्या कूर्चेस मर्यादित इजा झाली असेल, तर तिच्याखालील हाडास सूक्ष्म छिद्रे पाडतात; तेथे भरून येणारी ऊती मात्र मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून रोपण करण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष स्वीडनमधील शल्यवैद्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. पाय वाकडा असल्यास हाड छेदून भाराची रेषा बदलता येते.

वयपरत्वे पसरलेल्या विकारात मात्र साधे उपाय अग्रगण्य होत. जादा वजन असलेल्या रुग्णांच्या २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात, घटलेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलास गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी झाल्याचे आढळले. इंग्लंडमधील ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने व्यायाम सर्व रुग्णांसाठी सांगितला. लोक ज्यास ‘वंगणाचे इंजेक्शन’ म्हणतात, ते हायल्युरोनिक आम्लाचे इंजेक्शन देऊ नये, असेही म्हटले. सांधारोपण हा या उपायांनी गुण न आल्यावरचा मार्ग होय.

‘वंगण संपले’ हा निकाल मानणारी स्त्री चालणे सोडते. मांडीचे स्नायू दुबळे होतात, आणि गुडघ्याचा आधारच कमी होतो. रूपकाचा परिणाम येथे थेट देहावर होतो. म्हणून परिभाषेचा प्रश्न कोशापुरता राहत नाही. कूर्चेस कोणताही शब्द रूढ होवो, ती जिवंत आहे आणि योग्य हालचालीवर पोसली जाते, एवढा अर्थ त्याबरोबर टोंगळा दुखणाऱ्या माणसापर्यंत पोचला पाहिजे.