गाठीत शिरलेल्या पेशी

आमच्या दाजींच्या मोठ्या आतड्यातली गाठ गेल्या पावसाळ्यात नाशिकला काढली. त्याआधी आठ-नऊ महिने शौचातून रक्त जात होते आणि आम्ही सगळे त्याला मूळव्याध म्हणत होतो. मालेगावात दिवसभर यंत्रमागापाशी उभा राहणारा माणूस, जेवणाची वेळ नाही, वर तिखट. मूळव्याधच असणार, असे मीही म्हणालो होतो. मी इथल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून हे लिहिताना जास्त लाज वाटते.

शस्त्रक्रियेनंतर रिपोर्ट आला. गाठ आतड्याच्या स्नायूंच्या थरापलीकडे गेलेली, पण तपासलेल्या सोळा लसिकाग्रंथींपैकी एकीतही कर्करोग नाही. म्हणजे दुसरा टप्पा. ताईने एकच विचारले, "पुन्हा होईल का रे?"

टप्प्यावरून या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. गाठ किती खोल गेली, ग्रंथींत पोचली का, यकृतात-फुप्फुसात गेली का, एवढेच टप्पा सांगतो. सगळी मोजदाद आक्रमकाची. शरीराने त्याला कसे तोंड दिले, याची नोंद त्यात नाही. म्हणूनच एकाच टप्प्यातल्या दोघांपैकी एक जण कायमचा बरा होतो आणि दुसऱ्याचा आजार दोन वर्षांत परत येतो.

दाजींच्या रिपोर्टात खाली एक ओळ होती: गाठीत आणि तिच्या कडेला लिम्फोसाइट भरपूर. लिम्फोसाइट म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक वर्ग. पॅथॉलॉजिस्टांना या पेशी गाठीत दिसत आल्या आहेतच. पण त्या नेमक्या मोजल्या तर काय कळेल, हे पॅरिसमधल्या जेरोम गालाँ, फ्रांक पाजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवले. मोठ्या आतड्याच्या गाठींत कोणत्या प्रतिकारपेशी आहेत, किती दाट आहेत आणि कुठे आहेत, यावरून रुग्णाचे भवितव्य प्रचलित टप्प्यांपेक्षा चांगले सांगता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यांची पद्धत समजायला अवघड नाही. काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात. सर्व टी-पेशींवर सीडी-३ नावाचे प्रथिन असते, तर त्यांतल्या मारेकरी पेशींवर सीडी-८. या प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे वापरून त्या पेशी रंगवायच्या आणि संगणकाने दोन जागी मोजायच्या: गाठीच्या मध्यभागी आणि जिथे गाठ निरोगी भागात घुसू पाहते त्या कडेला. दोन प्रकारच्या पेशी, दोन जागा, चार आकडे. त्यांवरून जो गुणांक निघतो तो 'इम्युनोस्कोअर'.

२०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने त्याची मोठी पडताळणी छापली. १३ देशांतली १४ केंद्रे, २,६८१ रुग्ण; त्यांत आपल्या शेजारची, अहमदाबादची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटही होती. पहिल्या गटातल्या रुग्णांत पाच वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण गुणांक जास्त असलेल्यांत ८ टक्के, मध्यम असलेल्यांत १९ आणि कमी असलेल्यांत ३२ टक्के निघाले. टक्केवारी गटाची असते, एका माणसाची नव्हे, हे ताईला मी दोनदा सांगितले. पण ८ आणि ३२ मधला फरक लहान नाही.

असे का व्हावे? गाठ काढली तरी काही पेशी आधीच रक्तावाटे निसटलेल्या असू शकतात. टी-पेशींनी गाठीत शत्रू एकदा ओळखला की त्यांच्यातल्या काहींत ती ओळख टिकते आणि त्या शरीरभर फिरत राहतात. निसटलेल्यांना गाठणे त्यांना शक्य होते.

मग दाजींच्या गाठीत एवढी गर्दी का? इम्युनोस्कोअर आपल्याकडच्या नेहमीच्या रिपोर्टात नसतो. पण त्याच ब्लॉकवर, अशाच रंगवण्याच्या पद्धतीने, एक वेगळी तपासणी होते आणि ती मागून घ्यावी. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने पेशीत आहेत का, हे ती पाहते. ती नसली की चुका साठतात, विचित्र प्रथिने तयार होतात आणि टी-पेशींना गाठ परकी म्हणून सहज ओळखू येते. दाजींच्या गाठीत एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही दोन प्रथिने नव्हती.

दुसऱ्या टप्प्यात ही उणीव असेल तर आजार परतण्याचा धोका मुळातच कमी असतो आणि एकट्या फ्लुरोयुरॅसिलच्या केमोचा फारसा लाभ होत नाही. डॉक्टरांनी केमो न देता ठरावीक काळाने तपासण्या करायचे ठरवले. ताई त्या दिवशी खूप दिवसांनी पोटभर जेवली.

मी मात्र जेवलो नाही. हीच दोन प्रथिने नसली तर दोष आनुवंशिक असण्याची शक्यता मोठी असते. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा घरांत आतड्याचा कर्करोग तरुण वयात होऊ शकतो, बायकांना गर्भाशयाचाही. दाजींच्या आई त्यानेच गेल्या होत्या, हे मला ठाऊक होते. तो धागा जुळवायला मात्र हा रिपोर्ट यावा लागला. दाजींच्या रक्ताच्या तपासणीत जनुकातला बदल सापडला. मग मुलांची तपासणी. भाचीत तो नाही, भाच्यात आहे.

भाचा २७ वर्षांचा आहे. गाठ होण्याआधीच आतड्यातले कोंब दिसले तर काढता यावेत, म्हणून त्याला आता दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी लागेल. पहिली भाऊबीजेनंतरच्या सोमवारी, नाशिकला. गाडी मी चालवणार आहे.