यू ०१६७: इमोबिलायझरशी संपर्क तुटल्याचा कोड

किल्लीतली चिप ओळखली की इमोबिलायझर इंजिनाच्या ईसीयूला (नियंत्रक संगणकाला) इंजिन सुरू करण्याची परवानगी देतो. त्याच्याकडून संदेशच येईनासे झाले, की ‘यू ०१६७’ हा कोड नोंदला जातो. ‘यू’ म्हणजे बिघाड संदेशवहनाच्या जाळ्यातला. अशा वेळी स्टार्टर फिरत नाही किंवा इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते.

आधी बॅटरी तपासावी. पूर्ण चार्ज असल्यास सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. मग फ्यूज, अर्थिंग आणि कनेक्टरच्या पिनांवरचा हिरवट गंज पाहावा. बॅटरी सोडवून या संदेशवहनाच्या जाळ्याच्या, म्हणजे हायस्पीड कॅनच्या, दोन वायरींमधला रोध मोजावा. तो साधारण ६० ओहम हवा. १२० भरल्यास जाळ्याच्या दोन टोकांपैकी एका टोकाचा रेझिस्टर किंवा त्याची वायर तुटलेली असते. किल्ली चुकीची असल्याचा कोड वेगळा, ‘पी ०५१३’. म्हणून नवी किल्ली किंवा मॉड्यूल घेण्याआधी वायरिंग तपासणे गरजेचे.