खलित्यांत न आलेला देश

वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या लोहमार्गावर सिंदी (रेल्वे) हे कापसाच्या मुलखातील स्थानक लागते. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म वर्ध्याचा आणि शिक्षण वर्धा व नागपूर येथील, तेव्हा विद्यार्थिदशेत हे स्थानक त्यांच्या डोळ्यांखालून अनेकवार गेले असणार. पुढे हाच तरुण अमेरिकेत कृषिशास्त्र शिकावयास गेला आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील पंजाबी मजुरांच्या सहवासात १९१३ साली इंग्रज राजवट उलथण्यासाठी उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या संस्थापकांत गणला गेला. महायुद्ध पेटताच जर्मन सरकारने या पक्षाकडे हात पुढे केला, आणि एरवी राजकीय शिष्टाचारापुरता चालणारा वॉशिंग्टन व बर्लिन यांमधला पत्रव्यवहार आपल्याही इतिहासाचा भाग झाला.

१९१५ च्या उन्हाळ्यातील या पत्रव्यवहाराचा प्रसिद्ध अर्धा भाग सर्वांस ठाऊक आहे. ७ मे रोजी जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे जहाज बुडविले, ११९८ माणसे मेली, त्यांत १२८ अमेरिकन होते. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने मे ते जुलैपर्यंत बर्लिनला एकामागून एक तीन खलिते धाडले, आणि दुसऱ्या खलित्याची भाषा आपल्यास मान्य नाही म्हणून परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी राजीनामा दिला. मानवतेचे आणि समुद्रावरील हक्कांचे एवढे गंभीर विवेचन ज्या काळात दोन्ही दरबारांत चालले होते, त्याच काळात जर्मन वकिलातीच्या दुसऱ्या दालनात निराळेच दप्तर जाडावत होते.

वकिलातीचा लष्करी अधिकारी फ्रान्झ फॉन पापेन याने क्रुप कारखान्याचा अमेरिकेतील प्रतिनिधी हान्स टाउशर याच्यामार्फत सहस्रावधी बंदुका व लक्षावधी काडतुसे खरेदी केली. मार्चमध्ये 'ॲनी लार्सन' हे शिडाचे गलबत हा माल घेऊन सॅन डिएगोहून निघाले. मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडील सोकोरो बेटापाशी 'मॅव्हरिक' हे तेलवाहू जहाज त्यास भेटावे आणि माल हिंदुस्थानकडे रवाना व्हावा, असा बेत होता. 'मॅव्हरिक' वेळेवर आले नाही; गलबताचे पाणी संपले, ते बेट सोडून भटकत राहिले आणि जूनअखेर वॉशिंग्टन राज्यातील होक्विअम बंदरात अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती सापडून मालाची जप्ती झाली. एवढ्या मोठ्या कारस्थानाचा घात पिण्याच्या पाण्याने करावा, हे कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्यास हसलो असतो.

पण मला खरे कुतूहल त्यानंतरच्या कागदाचे वाटते. राजदूत काउंट बर्नस्टॉर्फ याने नवे परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांच्याकडे मालावर दावा सांगितला, तो असा की ही शस्त्रे जर्मन पूर्व आफ्रिकेतील सैन्यासाठी होती. दावा फेटाळला गेला. मुत्सद्द्याने असत्य बोलावे यात नवल नाही. परंतु ज्यांच्या नावाने सगळा खटाटोप झाला, त्यांचा या दाव्यात मागमूसही नाही. जर्मनांस हिंदी क्रांतिकारकांविषयी असलेल्या कळवळ्याचे मोजमाप करावयाचे, तर त्यांच्या आश्वासनांपेक्षा हा दावा मला अधिक विश्वसनीय साक्षीदार वाटतो.

डिसेंबरात अमेरिकेने पापेनला परत बोलावण्याची मागणी केली. वाटेत इंग्रजांनी फालमथ येथे त्याचे कागद हस्तगत केले. तरी बर्लिनचा निष्काळजीपणा सुटला नाही. परराष्ट्रमंत्री झिमरमान याने मेक्सिकोस अमेरिकेविरुद्ध चिथावणारी १६ जानेवारी १९१७ ची तार शांततेच्या वाटाघाटींसाठी मोकळ्या ठेवलेल्या अमेरिकेच्याच तारमार्गाने पाठविली! इंग्रजांनी ती उकलली, १ मार्चला ती वर्तमानपत्रांत झळकली आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. मग सॅन फ्रान्सिस्कोत जर्मन वाणिज्यदूत फ्रान्झ बोप व गदरचे लोक एकाच खटल्यात आरोपी झाले. खटल्याच्या अखेरीस, एप्रिल १९१८ मध्ये, भर न्यायालयात गदरचे पुढारी रामचंद्र यांचा सहआरोपी रामसिंग याने गोळी घालून खून केला, तोही तेथेच मारला गेला.

खानखोजे तोपर्यंत तुर्कस्तानमार्गे इराणात पोचून इंग्रजांशी लढले होते. पापेन १९३२ साली जर्मनीचा चॅन्सेलर झाला, न्युरेंबर्गच्या खटल्यातून निर्दोष सुटला. खानखोजे मेक्सिकोत चापिंगो येथील कृषिविद्यालयात अध्यापन करीत मक्याच्या वाणांवर संशोधन करीत राहिले. मायदेशी ते १९५५ साली आले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.